चाळीसच्या आत

मोजणी खात्यात मी चौतीस वर्षं काढली. अंबड तालुक्यात असा बांध सापडणार नाही की ज्यावर मी साखळी टाकली नाही आणि ज्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला शिव्या दिल्या नाहीत. पण बदनापूरकरांनी एक इंच इकडचा तिकडं केला, असं कुणी म्हणून दाखवावं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात हेच सांगितलं होतं, फक्त शाल देताना माझं नाव चुकवलं. तर असा मी, भालचंद्र बदनापूरकर, यंदाच्या एप्रिलमध्ये चक्क खोटं तापमान कळवताना पकडला गेलो. गावात त्याच्या तीन-चार वेगवेगळ्या कथा फिरताहेत, म्हणून खरं काय झालं ते मीच सांगतो.

पाडव्याला भार्गवीचा फोन आला. भार्गवी माझी एकुलती एक मुलगी, पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. म्हणाली, "बाबा, मे महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळतेय. येऊ का तिकडं?"

माझ्या हातात श्रीखंडाचा डबा होता. तो मी आधी खाली ठेवला.

"ये की! विचारतेस काय?"

"पण अट आहे हं," ती हसत म्हणाली. "टेम्परेचर चाळीसच्या आत पाहिजे. आणि संध्याकाळी फिरायला चांगली जागा पाहिजे. नाहीतर मी आपली इथंच बरी."

हसत बोललेलं हसण्यावारी न्यावं, एवढं शहाण्या माणसाला कळतं. पण आमच्या खात्यात माणूस जे बोलला ते जबाब म्हणून लिहून घ्यायची पद्धत. मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं : एक, चाळीसच्या आत. दोन, फिरायला जागा. खाली तारीख टाकून सही केली.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं सारखी सांगायला नको. माझी बायको प्रेमला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून भार्गवी घरी आली ती फक्त वर्षश्राद्धाला, सकाळी आली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. एरवी दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोन, दूधवाला आणि शेजारच्या द्वारकाबाई. त्यातला दूधवाला "हं, घ्या" याच्या पुढं जात नाही. मी भेंडी सकाळी घेतो आणि कोथिंबीर संध्याकाळी, म्हणजे भाजीवालीशी दोनदा बोलणं होतं. घरात इतकी शांतता असते की फ्रिज घरघरायचा थांबला की मी दचकतो. एकटं वाटतं, दुसरं काय! तेव्हा मे महिना म्हणजे एकतीस दिवस घरात दुसरं माणूस, हे माझ्यासाठी काय प्रकरण होतं ते लक्षात घ्या.

आता आमचं गाव. जालना जिल्ह्यातलं आमचं माळगव्हाण द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, निदान माळगव्हाणात तरी. फाट्यावर 'द्राक्षनगरीत आपले सहर्ष स्वागत' अशी कमान आहे. तिच्यावरचा घड उन्हानं इतका काळवंडलाय की परगावचे लोक थांबून जांभळं कुठं मिळतात म्हणून विचारतात. मागं इथं वाइनचा कारखाना निघणार होता. कोनशिला बसली, नारळ फुटला, आणि त्या कोनशिलेवर आता शेळ्या बसतात. पण तेवढ्यावर आमची मंडळी पाहुण्यांना "आपल्याकडं हवा बिलकुल फॉरेनसारखी" असं कपाळाचा घाम पुसत पुसत सांगतात.

मी जालन्याला जाऊन तापमान मोजायचं यंत्र आणायचं ठरवलं. पहिल्या दुकानात मला तापाचा थर्मामीटर काढून दिला आणि "घरात कुणाला ताप आहे?" असं विचारलं. "गावाला," मी म्हणालो. दुकानदारानं माझ्याकडं नीट बघितलं आणि गल्लीच्या टोकाचं दुकान दाखवलं. तिथं भिंतीवर टांगायचा मिळाला. घरी येऊन ओसरीच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. पारा चढत चढत त्रेचाळीसवर जाऊन बसला. एप्रिलची चार तारीख होती फक्त.

द्वारकाबाई त्यांच्या अंगणातून सगळं बघत होत्या. द्वारकाबाईंचं वय सत्तर, आणि सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नाही.

"भाऊ, भिंत तापलीय नं ती. तुम्ही भिंतीचा ताप मोजून राह्यले, हवेचा न्हाई."

हे मात्र बरोबर होतं. मी थर्मामीटर लिंबाच्या झाडाला टांगला. एक्केचाळीस. जीव थोडा भांड्यात पडला. आता दोनच अंशांचा प्रश्न होता.

"अन् अवो, असे घामेघूम काहून होऊन राह्यले? कूलर काढा की माळ्यावरून."

"गरज वाटत नाही मला," असं म्हणून मी खांद्यावरचा टॉवेल पिळला. कूलर मी मुद्दामच काढला नव्हता. गाव थंड आहे असं मुलीला कळवायचं आणि घरात कूलर घरघरत ठेवायचा, हे तत्त्वात बसत नाही. मी द्वारकाबाईंना तसं सांगितलंही. त्या "हौ का" म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन अंश कमी करायचा रस्ता कारभारीनं दाखवला. कारभारीची द्राक्षाची बाग गावाला लागूनच आहे आणि तिची मोजणी मी दोनदा केलेली, त्यामुळं आमची दोस्ती. तो म्हणाला, "साहेब, बागंत या नं. मांडवाखाली काय गारवा ऱ्हातो!" गेलो. वेलींच्या मांडवाखाली हिरवी सावली, खाली ठिबकनं ओली झालेली माती. पारा चक्क अडतीस! मी तिथंच भार्गवीला संदेश पाठवला : 'आजचे तापमान ३८. हवा आल्हाददायक.' लगेच तिच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं. तसा तो अंगठा काही फार मोठा मजकूर नाही. पण दोन वर्षांत तिच्याकडून दिवसाआड सुद्धा काही येत नव्हतं, आणि आता रोज दुपारी तीन वाजता अंगठा यायला लागला. मी दोन वाजल्यापासूनच तयारीला लागायचो.

हे सुख आठवडाभर टिकलं. आठव्या दिवशी बागेत गेलो तर बागच नाही. नुसत्या तारा, लोखंडी अँगल आणि हाडांसारखे बोडके खुंट. पानांचा ढीग बांधावर.

"कारभारी! हे काय केलं?"

"खरडछाटणी, साहेब. दरसाल एप्रिलात करतोच की आपण."

चौतीस वर्षं मी याच शिवारात हिंडलो. पण मोजणीच्या माणसाचं लक्ष खाली जमिनीत, वर काय चाललंय ते कोण बघतो! द्राक्षाच्या गावात ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी सावली कात्रीनं कापून टाकतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. मांडवात आता बेचाळीस होतं.

"मंग शेततळ्यावर चला," कारभारी म्हणाला. त्यालाही माझी दया आली असावी. "पाण्याच्या कडंला बरं ऱ्हातं."

शेततळं म्हणजे शेतात खोदलेलं मोठं चौकोनी तळं, आत प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरलेला. मी बांधावर छत्री उघडून रोवली, तिच्या दांडीला थर्मामीटर बांधला, खाली ओलं पोतं ठेवलं. सदतीस. आणि बांधावरून चारी बाजूंनी चालायला चांगली पाऊलवाट, म्हणजे अट क्रमांक दोनचीही सोय झाली. मी लगेच फेऱ्या मारून बघितल्या. चौथ्या फेरीला पाय कागदावर पडला आणि मी बसकण मारूनच पाण्यापर्यंत घसरत गेलो. कारभारीनं दोर टाकून वर ओढलं. चप्पल मात्र एक आत गेली. ती अजून तळ्याच्या मधोमध तरंगते आहे, आणि बायका पाणी किती आहे ते आता चपलेवरून ठरवतात.

मी मुलीला कळवलं : '३७. फिरण्यासाठी तलावाकाठी रमणीय पायवाट.'

या खेपेला अंगठ्याबरोबर दोन ओळी आल्या. 'माझ्या मोबाइलवर तर ४३ दाखवतंय.' मी लिहिलं, 'मोबाइल जालन्याचं सांगतो.' त्यावर तिनं लिहिलं, 'बरं. मग तुमचं अधिकृत आहे का?' पुढं हसणारा चेहरा होता. पण अधिकृत हा शब्द माझ्यासारख्याला विचारायचा नसतो. रात्रभर तोच डोक्यात. सकाळी मी नगरपंचायतीत अर्ज घेऊन उभा : बसथांब्यावर रोजचे तापमान लिहिणेकामी फलक लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

खिडकीवरच्या आकांक्षा मॅडम सभ्य होत्या. "काका, हे कुठल्या विभागात टाकू? पाणीपुरवठा, स्वच्छता, दिवाबत्ती, बांधकाम?"

"हवामान."

"तो आपल्याकडं नाही. उद्यान विभागात टाकू का?"

"पण गावात उद्यानच नाही."

"म्हणूनच तिथं कुणाचा अर्ज नसतो. जल्दी निघेल."

आणि खरोखर तिसऱ्या दिवशी निघाला. 'गावात उद्यान अस्तित्वात नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' मी तो कागद फाइलला लावला आणि चौकातल्या चहाच्या हॉटेलवाल्याला विचारून त्याच्या भिंतीवर स्वतःच एक फळी टांगली. खडूनं ठळक लिहिलं : आजचे तापमान ३७. खाली 'भा. बदनापूरकर, निवृत्त भूकरमापक' आणि सही. फळीचा फोटो पुण्याला पाठवला. खरं सांगतो, सदतीस हे गावाचं तापमान नव्हतं, छत्रीखालच्या ओल्या पोत्याचं होतं. पण मे महिना बारा दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबराव दारात. साहेबरावांची चाळीस एकर मोसंबी, आणि मागं आणखी सात-आठ मोसंबीवाले.

"साहेब, हे काय लिहून राह्यले तुम्ही?"

"तापमान."

"अवो, मोसंबीची फळं गळून राह्यली उन्हानं. झाडाखाली सडा पडलाय. विमा कधी लागतो? पारा लागोपाठ वर ऱ्हायला तर लागतो. अन् तुम्ही चौकात सदतीस लिहिता, वरून सही!"

"विम्याचं मोजमाप सरकारी यंत्रावर होतं, साहेबराव. माझ्या फळीला कोण विचारतो?"

"उद्या कुणी फोटो काढून वर पाठवला तर? अधिकारी म्हणंल, तुमच्याच गावचा मोजणीसाहेब सदतीस म्हणतो. तुमच्या सहीवर सारा तालुका भरवसा ठेवतो, साहेब."

हे मला लागलं. साहेबराव भांडले असते तर बरं झालं असतं.

"पंचेचाळीस लिहा," मागून एकजण म्हणाला.

"पंचेचाळीस नाही होत," मी म्हणालो.

"चला, चव्वेचाळीस करा. दोन्हीकडचं राहू द्या."

"बेचाळीसवर तोडा नं, काय लावलंय!" तिसरा म्हणाला. माझ्या ओसरीवर बैलबाजार भरला होता आणि मी मध्ये बैलासारखा उभा होतो. माझी इभ्रत अशी कधी गेली नव्हती. मी ताठ होऊन म्हणालो, "मी आकडा बदलत नसतो. पंचांसमक्ष मोजू. पंचनामा करू. जो निघेल तो निघेल." म्हटलं खरं. पंचांसमक्ष काय निघणार, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं! आणि ते निघालं की भार्गवीचा मे महिना गेला.

आता पंचनामा म्हटल्यावर मोजायची जागा वादातीत हवी. भिंत नको, तळं नको, बाग नको. गावठाणाचा नकाशा माझ्याकडं होताच. मी त्याचा बरोब्बर मध्य काढला. तो निघाला द्वारकाबाईंच्या अंगणात, जिथं त्यांनी बाजेवर साडी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या.

"बाज हलणार न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "पंचांनी पाय पुसून यावं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साडेबाराला सगळे बाजेभोवती उभे राहिले. मी छत्रीची सावली धरली, कुरडयांच्या वर थर्मामीटर धरला. घाम माझ्या चष्म्यावरून खाली येत होता. पारा एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

"सकाळी घातल्याल्या कुरडया आत्ताच कडकडीत झाल्या," द्वारकाबाईंनी एक मोडून दाखवली, "अन् भाऊ म्हणते सदतीस!"

मी माझ्या हातानं लिहिलं : 'आम्ही खालील सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे माळगव्हाण येथील तापमान त्रेचाळीस अंश भरले.' पाच पंचांनी सह्या केल्या, द्वारकाबाईंनी अंगठा उठवला. साहेबराव हात धरून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, साहेब." कारभारीची सून तृप्ती फोटो काढत होती. तृप्ती म्हणजे भार्गवीची शाळेतली मैत्रीण. हे मला तेव्हा आठवलं नाही, माझं लक्ष त्या आकड्यावर होतं.

मी फळी उतरवून घरी आणली. त्या दिवशी तीन वाजता काही पाठवलं नाही. पाठवायला होतंच काय? कॅलेंडर उलटं करून अटी वाचल्या आणि पुन्हा सुलटं टांगलं. आतल्या खोलीत मी प्रेमलाच्या खाटेवर धुतलेली चादर घालून ठेवली होती, भार्गवीसाठी. ती काढावी की राहू द्यावी, हे काही ठरेना. मग ओसरीवर येऊन बसून राहिलो. फ्रिज बंद पडला, चालू झाला, पुन्हा बंद पडला.

सहा वाजता फोन वाजला.

"बाबा, आज आकडा नाही आला."

"राहून गेलं आज."

"तृप्तीनं फोटो पाठवलाय. कुरडयांचा."

"त्रेचाळीस भरलं," मी म्हणालो. "पंचांसमक्ष."

"मग ते सदतीस कुठलं होतं?"

"कारभारीच्या शेततळ्यावरचं. छत्री रोवली होती. आणि पोतं."

"तिथं तुम्ही रोज दुपारी जात होतात? चालत? त्या उन्हात?"

"फिरायची जागा पण तीच. चांगली आहे. एकदाच घसरलो."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"बाबा, मी माळगव्हाणातच वाढलेय. आपल्याकडं मेमध्ये चाळीसच्या आत कधी असतं का? मला ठाऊक होतं. मी ती अट घातली कारण... मला ऊन सोसतं हो. आई नसलेलं घर सोसत नाही. स्वयंपाकघरात पाय टाकला की ती नाही, हेच दिसत राहतं. वाटलं, अशी अट घातली की तुम्हीच म्हणाल, नको येऊस, फार ऊन आहे. मग माझी सुटका."

मी दोन वर्षांत कुणापाशी बोललो नव्हतो ते तेव्हा बोललो. "मलाही दिसतं गं. रोज दिसतं."

ती रडत होती की काय, कळलं नाही. मी रडत होतो, ते ओसरीवर एकटाच असल्यामुळं कुणाला दिसलं नाही.

थोड्या वेळानं नाक ओढून ती म्हणाली, "कूलर लावलाय ना?"

"नाही."

"का?"

तत्त्वाचं उत्तर तोंडाशी तयार होतं. ते द्वारकाबाईंना, कारभारीला, सगळ्यांना देऊन झालं होतं. "त्यात पाणी तीच भरायची संध्याकाळी," मी म्हणालो. "दोन उन्हाळे झाले, काढलाच नाही मी."

"काढा," भार्गवी म्हणाली. "एक तारखेला येते मी. पाणी मी भरीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलर खाली काढायला कारभारी आला, आणि कुठून कळलं कोण जाणे, साहेबरावही आले. माळ्यावरून उतरवताना त्यातून एक चिमणीचं घरटं, प्रेमलाची हरवलेली किसणी आणि दोन वर्षांची धूळ आमच्या तिघांच्या डोक्यावर पडली. द्वारकाबाईंनी खाली उभं राहून कूलर कसा धरावा, खिडकीत कुठं ठेवावा, गवताच्या ताट्या कुणाकडून बदलून आणाव्यात हे सगळं सांगितलं. या खेपेला मी एकाही गोष्टीवर वाद घातला नाही. किसणी धुवून स्वयंपाकघरात तिच्या खिळ्याला लावली.

एक तारखेला अजून नऊ दिवस आहेत. पाणी ती भरणार आहे, पण मोटर चालते का ते बघायला हवं, म्हणून मी आजच दोन बादल्या ओतल्या. कूलरचं तोंड भार्गवीच्या खाटेकडं करून ठेवलंय. माझ्या खाटेवर वारा येत नाही, पण आवाज येतो, आणि फ्रिज आता बंद पडला तरी कळत नाही. थर्मामीटर मी तिच्या उशाशी टांगला. बाहेर त्रेचाळीस असताना तिथं बरोबर तीस भरलं, एकदा नाही, तीनदा बघितलं. हा आकडा मात्र मी पुण्याला कळवलेला नाही. तिनं येऊन बघावा.